वेढ्यांचा हिशेब

दारव्ह्याला माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. विहिरीवरच्या आणि बोअरवरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात. जळालेली कॉइल कापायची, एका स्लॉटमधल्या तारा मोजायच्या, मायक्रोमीटरने तारेचा गेज पाहायचा आणि तेवढ्याच वेढ्यांची नवी कॉइल फर्म्यावर गुंडाळायची, हे काम मी तीस वर्षांहून अधिक काळ करतो आहे. गणित हा माझा धंदा नाही. पदवीही गणिताची नाही. तरी गेली वीस-बावीस वर्षे रात्री दुकान बंद केल्यावर मी टोपॉलॉजी वाचतो. त्या विषयातला एकच सिद्धांत मला वाचकांसमोर ठेवायचा आहे, आणि तो ठेवण्यासाठी आधी माझी एक चूक सांगावी लागेल.

सुरुवातीच्या काळात माझ्या गुंडाळण्याच्या यंत्राला काउंटर नव्हते. हँडल फिरवायचे, तोंडाने मोजायचे आणि दर दहा वेढ्यांना भिंतीवर खडूची एक रेघ मारायची. एकदा मध्येच कुणीतरी बोलायला आले. बोलणे संपल्यावर मी हँडलकडे पाहिले. ते जिथे सोडले होते तिथेच, खालच्या बाजूला, होते. तिथून पुढे मोजत गेलो. एक रेघ जास्तीची मारली गेली होती हे मला कळले नाही. त्या कॉइलला दहा वेढे कमी पडले. बाहेरून तिच्यात काहीच फरक दिसत नव्हता. वेढे कमी झाले की कॉइल प्रमाणाबाहेर करंट ओढते आणि तापते. आठवड्याभरात मोटार जळाली. गहू ओंबीवर आला होता, पाण्याची एक पाळी हुकली. शेतकरी मोटार घेऊन परत आला आणि एवढेच म्हणाला, "भाऊ, बराबर मोजले होते ना?" मी ती फुकट बांधून दिली, पण गव्हाचे पाणी परत देता आले नाही.

त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात राहिला. हँडल प्रत्येक वेढ्यानंतर त्याच जागी येते. पहिल्या वेढ्यानंतर जसे दिसते तसेच शंभराव्या वेढ्यानंतर दिसते. मग 'किती वेढे झाले' ही माहिती असते तरी कुठे? हँडलच्या जागेत ती नाही हे नक्की. पुढे काउंटर असलेले यंत्र घेतले, तेव्हा धंद्यापुरता प्रश्न सुटला. त्याचे खरे उत्तर मात्र मला जेम्स मंक्रेस यांच्या 'टोपॉलॉजी' या पाठ्यपुस्तकाच्या झेरॉक्स प्रतीत सापडले. तांब्याची तार आणायला मी शकुंतलेने मूर्तिजापूरला आणि तिथून अकोल्याला जात असे. ती नॅरोगेज गाडी इतकी सावकाश चालायची की दारव्हा ते मूर्तिजापूर या प्रवासात एक पान तीनदा वाचून होई. तेवढे वाचूनही ते पान कळायला मला दोन वर्षे लागली. एका प्राध्यापकांना विचारायला गेलो, तेव्हा हे मराठीत सांगण्यासारखे नाही आणि तुमच्या कामाचेही नाही, असे उत्तर मिळाले. दोन्ही गोष्टी खऱ्या नव्हत्या, असे आज मला वाटते.

खालचा अवकाश, वरचा अवकाश

आधी शब्द ठरवून घेऊ. हँडलचे टोक ज्या जागांवर असू शकते त्या सगळ्या जागा मिळून एक वर्तुळ होते. काउंटरवर जे आकडे येऊ शकतात ते सगळे मिळून एक सरळ रेषा होते. काउंटर पूर्णांकच दाखवते, पण मनात अपूर्णांकही धरा: साडेतीन वेढे, पावणेचार वेढे. आता या रेषेला स्प्रिंगसारखे गुंडाळून वर्तुळाच्या डोक्यावर उभे करा. शून्य, एक, दोन, तीन हे सगळे आकडे वर्तुळाच्या एकाच बिंदूच्या बरोबर वर येतील. अर्धा, दीड, अडीच हे समोरच्या बिंदूच्या वर येतील. खाली वर्तुळ, वर न संपणारी स्प्रिंग.

या रचनेत एक गुण आहे. वर्तुळाचा छोटासा तुकडा घेतला, तर त्याच्या वर स्प्रिंगचे अनेक तुकडे असतात. ते एकमेकांना कुठेही चिकटलेले नसतात आणि प्रत्येक तुकडा खालच्या तुकड्याची हुबेहूब प्रत असतो. एकावर एक ठेवलेल्या, न शिवलेल्या पदरांसारखे ते असतात. हा गुण खालच्या प्रत्येक बिंदूच्या आसपास असेल, तर वरच्या अवकाशाला खालच्या अवकाशाचे आच्छादन म्हणतात. इंग्रजी पुस्तकात याला कव्हरिंग स्पेस हे नाव आहे. खालच्या अवकाशात तुटक नसलेली जी चाल होते तिला मी 'वाट' म्हणतो. त्या चालीच्या बरोबर वर राहून आच्छादनात जी चाल होते तिला मी 'उचल' म्हणतो. मूळ शब्द लिफ्ट आहे. आपल्याकडे उचल म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, पण वाचकांनी इथे उचलण्याचा साधा अर्थ धरावा.

आता पहिला सिद्धांत सांगतो. खालची वाट दिली आणि आच्छादनात सुरुवातीचा बिंदू ठरवला, की उचल होतेच, आणि ती एकच होते. हँडल कसेही फिरवा, पुढे, मागे, थांबून, पुन्हा पुढे. काउंटर सुरुवातीला शून्यावर असेल, तर शेवटी त्यावर काय असेल हे पूर्णपणे ठरलेले आहे. सुरुवातीला चुकून सदतीसवर राहिले असेल, तर शेवटचा आकडा बरोबर सदतीसने जास्त येईल. निवड करायची ती फक्त आरंभी. मध्ये कुठेही निवडीला जागा नाही.

हे का, ते पाहू. डोळे मिटून उघडा. त्या दरम्यान हँडल सगळा वेळ वर्तुळाच्या एका छोट्या तुकड्यातच होते अशी खात्री असेल, तर वर काय झाले हे निःशंक सांगता येते. आपण ज्या पदरावर होतो त्याच पदरावर आहोत, कारण पदर सुटे आहेत आणि तुटक उडी मारायची नाही. म्हणून युक्ती एवढीच: सगळी वाट अशा लहान तुकड्यांत कापायची की प्रत्येक तुकडा एकेका छोट्या भागात मावेल. पहिला तुकडा आरंभाच्या पदरावर उचलायचा. तो जिथे संपेल तिथून दुसरा, मग तिसरा. प्रत्येक पायरीवर पदर ठरलेला आहे, म्हणून एकूण उचलही ठरलेली आहे.

यात एक शंका उरते आणि मी अडलो होतो तो इथेच. तुकडे किती लागतील? ते अनंत लागले तर हे काम कधी संपणारच नाही. उत्तर असे की वाटेला सुरुवात आहे आणि शेवट आहे, आणि ही दोन्ही टोके वाटेतच मोडतात. अशा वाटेसाठी मोजके तुकडे नेहमी पुरतात. गणिती भाषेत या गुणाला कॉम्पॅक्टनेस म्हणतात. मात्र ते तुकडे पुरेसे लहान हवेत. जुन्या सिनेमात टांगा पुढे धावत असतो आणि त्याचे चाक उलटे फिरताना दिसते, हे अनेकांनी पाहिले असेल. कॅमेरा सेकंदाला २४ चित्रे घेतो. दोन चित्रांच्या मधे चाक जवळजवळ एक आरा पुढे सरकले, तर डोळ्याला ते थोडे मागे आल्यासारखे वाटते. तुकडे मोठे पडले, म्हणून उचल चुकली. माझ्या दुकानातही तेच झाले होते. हँडल मी पाहिले होते, पण दोन पाहण्यांच्या मधला तुकडा फार मोठा होता.

आच्छादनाची अट सैल केली तर काय होते, हेही पाहून घेऊ. तीन वेढ्यांनंतर संपणारा गोल जिना मनात आणा. खालच्या अंगणात माणूस गोल फिरतो आहे आणि वर जिन्यावर त्याची उचल चालली आहे. चौथी फेरी सुरू होताच खालचा माणूस बिनधास्त पुढे जातो. वरच्याला पुढे पायरीच नाही. जिन्याच्या मधल्या भागात सगळे ठीक दिसते, पण टोकाजवळ पदर अर्धवट आहे. म्हणून प्रत्येक पदर खालच्या तुकड्याची पूर्ण प्रत असावा लागतो. ही अट पुस्तकात एका ओळीत येते आणि वाचणारा ती सहज ओलांडून जातो. सगळा सिद्धांत उभा आहे तो तिच्यावर.

वाट सरकवली तर

आता दुसरा सिद्धांत. वटपौर्णिमेला बायका वडाला सूत गुंडाळतात. कुणी खोडाला लागून चालते, कुणी गर्दी टाळून लांबून फेरी घेते, कुणी दोन पावले मागे येऊन पुन्हा पुढे जाते. फेरीचा आकार प्रत्येकीचा वेगळा असतो, पण सात फेऱ्या त्या सातच. आकार बदलला तरी आकडा बदलत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. ते का बदलत नाही हे सांगणे मात्र सोपे नाही.

समजा एका वाटेला हळूहळू, न तोडता सरकवत दुसरी वाट केली. मधल्या प्रत्येक क्षणी ती वाटच राहिली आणि खोडातून कधी गेली नाही. अशा सरकवण्याला होमोटॉपी म्हणतात. वाट चालण्याचा वेळ आडव्या दिशेने आणि सरकवण्याचा वेळ उभ्या दिशेने मांडला, तर सगळी होमोटॉपी एका चौकोनावर बसते. आता आपल्याकडे कपाशीसाठी शेताची चौफुली पाडतात तशी त्या चौकोनावर उभ्या-आडव्या रेघा मारा. घरे इतकी बारीक करा की प्रत्येक घराची खालची प्रतिमा एका छोट्या तुकड्यात मावेल. डाव्या खालच्या घरापासून सुरुवात करून एकेक घर उचला. नव्या घराची एक-दोन बाजू आधीच्या घरांनी उचललेली असते. ती जुळेल का? जुळते. शेजारच्या दोन घरांच्या सामाईक बाजूवर दोन्ही उचली एका बिंदूत सारख्या आहेत, आणि एका बिंदूपासून उचल एकच होते हे पहिल्या सिद्धांताने दिलेच आहे. अशा रीतीने सगळा चौकोन उचलला जातो. वाटांच्या उचलीकडून सरकत्या वाटांच्या उचलीकडे जाताना नवे काही लागत नाही. एकमेवपणाच पुन्हा कामाला येतो.

याचे फळ मोठे आहे. बंद वाट जिथून निघाली तिथेच संपते, म्हणून काउंटरवरचा आरंभाचा आणि शेवटचा आकडा यांतला फरक नेहमी पूर्णांक असतो. वाट हळूहळू सरकवली तर हा फरकही हळूहळूच बदलू शकतो, कारण उचल तुटत नाही. पण पूर्णांकाला हळूहळू बदलता येत नाही. पाचावरून सहावर जायचे तर उडी मारावी लागते, आणि इथे उडी बंद आहे. म्हणून तो बदलतच नाही. फेऱ्यांचा आकडा बदलायचा असेल तर वाट तोडा किंवा खोडातून पलीकडे न्या, तिसरा मार्ग नाही. आंरी प्वांकारे यांनी १८९५ मध्ये बंद वाटांचा जो समूह मांडला, त्याचे पहिले महत्त्वाचे उदाहरण हेच आहे: वर्तुळावरच्या वाटांचा हिशेब म्हणजे पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी.

एवढ्या भांडवलावर बीजगणिताचा मूलभूत सिद्धांत सिद्ध होतो. तरुण गाउस यांनी १७९९ च्या आपल्या प्रबंधात तो हाताळला होता. कोणत्याही बहुपदीला संमिश्र संख्यांत निदान एक मूळ असतेच, असे तो सांगतो. बहुपदीचा घात पाच आहे असे समजू आणि तिला मूळ नाही असे धरू. म्हणजे तिची किंमत कधीच शून्य होत नाही. शून्य हे आपले वडाचे खोड. क्ष ला एका मोठ्या वर्तुळावर एकदा फिरवा. क्ष चा पाचवा घात शून्याभोवती पाच फेऱ्या मारील. बाकीची पदे त्याच्यापुढे किरकोळ असतात. प्रदक्षिणा घालणाऱ्या आजोबांचे बोट धरलेल्या नातवासारखे हे आहे. नातू पुढे-मागे झाला, तरी हाताची लांबी खोडापर्यंतच्या अंतराहून कमी असेल तर आजोबांच्या पाच फेऱ्या झाल्या की नातवाच्याही पाचच होतात. म्हणून पूर्ण बहुपदी पाच फेऱ्या मारते. आता ते मोठे वर्तुळ लहान करत शून्य त्रिज्येपर्यंत आणा. शेवटी क्ष एकाच जागी उभा राहतो, बहुपदीची किंमतही एका जागी थांबते आणि फेऱ्या होतात शून्य. वाट न तोडता सरकवली, खोड कुठे आडवे आले नाही, तरी पाचाचे शून्य झाले. हे अशक्य आहे. तेव्हा मूळ असलेच पाहिजे.

हा पुरावा मला पहिल्यांदा कळला त्या रात्री मी दुकानातच झोपलो. घरी जाऊन कुणाला सांगावे तर काय सांगावे, हे सुचेना.

वाटा नाहीत तिथे

यापुढची गोष्ट एका मराठी माणसाची आहे. श्रीराम शंकर अभ्यंकर २२ जुलै १९३० रोजी उज्जैनला जन्मले. वडील ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक होते. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले आणि १९५५ मध्ये ऑस्कर झारिस्की यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केली. पुढे आयुष्यातला बराच काळ ते अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात होते. पुण्यात १९७६ मध्ये त्यांनी भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. २ नोव्हेंबर २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. शाळेत शिकवतात त्या बीजगणिताची ताकद फार मोठी आहे, असा त्यांचा आग्रह असे. त्यांचा आच्छादनांवरचा प्रश्न समजायलाही शाळेतले एक समीकरण पुरते.

य गुणिले य वजा य बरोबर क्ष, हे ते समीकरण. क्ष दिला की य च्या दोन किमती मिळतात. क्ष चे प्रतल खाली आणि य च्या किमती वर, असे दुपदरी आच्छादन होते. फक्त एका ठिकाणी गडबड आहे. क्ष बरोबर उणे एकचतुर्थांश असताना दोन्ही किमती अर्धा याच येतात आणि पदर एकमेकांना चिकटतात. तो बिंदू वगळा. आता त्याच्याभोवती क्ष ला एक पूर्ण फेरी मारायला लावा. क्ष मूळ जागी येतो तोवर य अर्ध्याभोवती अर्धीच फेरी मारतो आणि पहिल्या किमतीवरून निघून दुसऱ्या किमतीवर पोहोचतो. खाली वाट बंद झाली, वर उघडीच राहिली. बर्नहार्ड रीमान यांनी १८५१ च्या प्रबंधात ज्या पृष्ठांची कल्पना मांडली ती अशाच पदरांची बनलेली आहेत.

बिंदू मुळीच न वगळता, सगळ्या प्रतलावर, एकसंध दुपदरी आच्छादन असू शकेल का? नाही. प्रतलात खोड नाही, म्हणून कुठलीही बंद वाट सरकवत एका बिंदूत मिटवता येते. दुसऱ्या सिद्धांताने तिची उचलही बंदच राहते. मग एका पदरावरून दुसऱ्यावर जायला रस्ताच उरत नाही आणि आच्छादनाचे दोन सुटे तुकडे होतात.

आता अशा संख्यांच्या जगात चला जिथे एक अधिक एक बरोबर शून्य. सम आणि विषम यांची बेरीज अशीच चालते: विषम आणि विषम मिळून सम. या जगात वरचे समीकरण पुन्हा पाहा. य ही एक किंमत असेल तर य अधिक एक ही दुसरी असते. तिचा वर्ग करताना मधले 'दोन य' शून्य होऊन गळून पडते. य आणि य अधिक एक कधीही सारखे होऊ शकत नाहीत, म्हणून पदर कुठेच चिकटत नाहीत. आणि वरचा अवकाश म्हणजे य ची अख्खी रेषा, एकसंध. आपल्या ओळखीच्या प्रतलावर जे अशक्य होते ते इथे एका ओळीच्या समीकरणाने होते.

या जगात हळूहळू चालणे नाही, म्हणून नेहमीच्या अर्थाची वाट नाही. वाट नाही म्हणून तिची उचल नाही, सरकवणेही नाही. शिल्लक राहतात ती आच्छादने. वाटांऐवजी आच्छादनांवरूनच मूलभूत समूह ठरवण्याचा मार्ग अलेक्झांडर ग्रोथेंडिक यांनी १९६०-६१ च्या आपल्या चर्चासत्रात उभा केला. त्याआधीच, १९५७ मध्ये, अभ्यंकरांनी बीजगणिती वक्रांच्या आच्छादनांवरील निबंधात विचारले होते की एक ही संख्या प वेळा मिळवली की शून्य होणाऱ्या अशा जगात, प अविभाज्य असताना, रेषेवरच्या आच्छादनांचे पदर आपसात कोणकोणत्या रीतींनी बदलू शकतात. पदर बदलण्याच्या या रीतींचा सांत समूह होतो. जे सांत समूह प च्या घाताइतके घटक असलेल्या आपल्या उपसमूहांपासून तयार होतात ते सगळे मिळतील, आणि त्यांखेरीज दुसरा कुठलाही मिळणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. रेषेसाठी मिशेल रेनो यांनी आणि इतर वक्रांसाठी डेव्हिड हारबॅटर यांनी १९९४ मध्ये तो खरा ठरवला. दोघांना १९९५ चे कोल पारितोषिक मिळाले. अभ्यंकर स्वतः त्या काळात त्या समूहांसाठी साधी, हाताने लिहिता येतील अशी समीकरणे शोधत होते.

या शेवटच्या भागाचे पुरावे माझ्या आवाक्यात नाहीत. प्रश्न मात्र मला नीट कळतो, आणि तो कळला तो उचलीमुळे. ज्या माणसाने एकदा वाट तुकड्या-तुकड्याने उचलून पाहिली आहे त्याला वाट नसलेल्या जगात काय हरवले आणि काय टिकले हे दिसते.

आता दुकानातल्या यंत्राला काउंटर आहे. हाताखालच्या मुलाला पहिल्या दिवशी मी दोनच गोष्टी शिकवतो. हँडलला हात लावण्याआधी काउंटर शून्यावर आण. आणि मध्ये कुणी बोलायला आले तर आधी आकडा लिही, मग बोल. मी हँडलच्या जागेवरून पुढे मोजायला लागलो होतो, ती चूक त्याच्याकडून होऊ नये एवढीच इच्छा. त्याने एकदा विचारले, हँडल तर तिथेच येते, मग आकडा राहतो कुठे? मी खडू घेतला आणि भिंतीवर एक वर्तुळ काढले, आणि त्याच्या वर एक स्प्रिंग.